एफएमआरआय प्रयोगात दोन शब्दांमध्ये किती सेकंद ठेवायचे?

प्रश्न असा आलाय. कोल्हापुरातली एक पीएचडीची विद्यार्थिनी मराठी वाचनावर एफएमआरआयचा, म्हणजे काम करताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते एमआरआय यंत्रानं बघायचा, प्रयोग आखतेय. एका बाजूला ‘कमळ’, ‘नगर’, ‘पदर’ असे साधे शब्द, दुसऱ्या बाजूला ‘वस्त्र’, ‘शुक्र’, ‘रक्त’ असे जोडाक्षरांचे शब्द. वाचताना मेंदूत काय फरक पडतो ते तिला बघायचंय. शहरातल्या एका निदान केंद्रातलं १.५ टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचं माप) क्षमतेचं यंत्र रुग्णांची गर्दी ओसरल्यावर, रात्री, तासाच्या हिशेबानं मिळणार आहे. टीआर, म्हणजे पूर्ण मेंदूचं एक चित्र घ्यायला लागणारा वेळ, २ सेकंद. तिचे सर म्हणतात, दर १६ सेकंदांनी एक शब्द दाखव, आधीच्या शब्दाचा सिग्नल खाली बसू दे. तिनं वाचलेल्या पेपरांमध्ये मात्र शब्द दोन-चार सेकंदांनी धडाधड येतात. तर अंतर किती ठेवायचं, ते कमीजास्त करायचं का, आणि शब्दाआधी एक सेकंद येणाऱ्या अधिक चिन्हाच्या खुणेचं काय करायचं, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

उत्तराआधी मलाच तुम्हाला एक विचारायचंय. प्रबंधात तुम्ही नेमकी कुठली वजाबाकी, म्हणजे कुठला सिग्नल उणे कुठला सिग्नल, छापणार? ‘जोडाक्षरं वजा साधे शब्द’? की ‘वाचन वजा रिकामा पडदा’? की जोडाक्षरांचा प्रतिसाद उशिरा येतो का, जास्त रेंगाळतो का, म्हणजे प्रतिसादाचा आकार? या तिन्हींसाठी वेळापत्रक वेगवेगळं निघतं. सगळ्यांना चालणारं उत्तम अंतर असं काही नसतं. लोक आधी अंतर ठरवतात, डेटा गोळा करतात आणि मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे हीच वजाबाकी, शोधत बसतात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या निम्म्याअधिक डिझाइनांचं दुखणं तिथेच असतं.

सरांचा सल्ला कुठून आला ते आधी सांगतो, कारण तो चुकीचा नाही. शब्द पडद्यावर आला की चेतापेशी मिलिसेकंदांत कामाला लागतात. पण यंत्र चेतापेशी मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा मागमूस मोजतं. ऑक्सिजन सोडून बसलेलं हिमोग्लोबिन आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं. काम करणाऱ्या भागाकडे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावतं, हे हिमोग्लोबिन तिथून धुऊन निघतं आणि सिग्नल वाढतो. सेइजी ओगावा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उंदरांवर हा परिणाम दाखवला, १९९२ मध्ये माणसांवरचे पहिले निकाल आले. ही वाढ फार सावकाश होते: शब्दानंतर पाच-सहा सेकंदांनी शिखर, मग उतार, मूळ पातळीच्या खाली थोडी बुडी आणि पूर्ण जागेवर यायला वीसेक सेकंद किंवा त्याहून जास्त. तुमच्या यंत्रावर ही सगळी चढउतार टक्क्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. त्यामुळे सुरुवातीच्या काळात सगळ्यांनीच एक शब्द दाखवून थांबायची पद्धत ठेवली. एकेकटे, ठरावीक अंतरानं येणारे उद्दीपक (इथे शब्द) दाखवायचे असतील तर १२ ते १४ सेकंदांचं अंतर सर्वांत फायद्याचं, असं बॅन्डेटिनी आणि कॉक्स यांनी २००० मध्ये दाखवलंही. म्हणजे सरांचे १६ सेकंद त्या चौकटीत बरोबरच आहेत. चौकट मात्र आता बदललीय.

ती कशी बदलली हे कोल्हापूरकराला पंचगंगेवरून पटकन कळेल. राधानगरी-गगनबावड्याकडे पाऊस कोसळला की राजाराम बंधाऱ्याची पातळी लगेच चढत नाही. काही तासांनी चढते आणि पाऊस थांबला तरी सावकाश उतरते. मध्येच दुसरी सर आली तर दोन्हींचं पाणी एकमेकांवर चढतं आणि बंधाऱ्यावर एकच फुगवटा दिसतो. आता सरी अगदी ठरावीक अंतरानं आल्या तर पातळी चढून तिथेच थांबेल; नुसत्या पातळीवरून एका सरीनं किती पाणी वाढवलं ते सांगता येणार नाही. पण सरी अनियमित आल्या, कधी लागोपाठ, कधी मोठी उघडीप, तर पावसाची नोंद आणि पातळीची नोंद शेजारी ठेवून एका सरीचा वाटा गणितानं वेगळा काढता येतो. जलशास्त्रात हे फार जुनं काम आहे आणि एफएमआरआयमधलं गणितही तेच. अट एकच, पाणी सरळ बेरजेनं वाढलं पाहिजे. १९९७ मध्ये अँडर्स डेल आणि रँडी बकनर यांनी दाखवलं की मेंदूचा प्रतिसाद बऱ्याच अंशी असाच बेरजेनं वाढतो, त्यामुळे दर दोन सेकंदांनी उद्दीपक दाखवूनही एकेकाचा वाटा सुटा करता येतो. तेव्हापासून सिग्नल खाली बसायची वाट पाहणं सक्तीचं राहिलं नाही.

आता गंमत बघा. वाट पाहायची नाही म्हटल्यावर बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात: साधा, जोड, साधा, जोड, दर चार सेकंदांनी, अगदी शिस्तीत. दिसायला समतोल, प्रत्यक्षात आत्मघात. रक्ताचा प्रतिसाद एखाद्या गाळणीसारखा वागतो. सावकाश बदल आत जाऊ देतो, झपाट्याचे बदल अडवतो. एसपीएम या एफएमआरआय विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जो ठरीव आकाराचा प्रतिसाद वापरतात त्याचं गणित मी करून बघितलं. १६ सेकंद जोडाक्षरं, १६ सेकंद साधे शब्द असे गठ्ठे केले, म्हणजे ३२ सेकंदांचं एक आवर्तन, तर तो बदल गाळणीतून जवळजवळ कमाल पातळीनं पार होतो. चार-चार सेकंदांनी आलटूनपालटून दाखवलं, आवर्तन ८ सेकंदांचं झालं, तर त्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. दोन-दोन सेकंदांनी आलटूनपालटून केलं तर चाळिसाव्या हिश्शाच्या आसपास. शब्द तितकेच, वेळ तितकाच, यंत्राचं भाडं तेच, आणि मोजायला जवळजवळ काही शिल्लक नाही. क्रम नुसता यादृच्छिक केला, म्हणजे नाणं उडवून ठरवला, तर तेच चार सेकंद चालतात. कारण त्यात कधी तीन-चार जोडाक्षरं लागोपाठ येतात, कधी साध्या शब्दांची रांग लागते, आणि त्या सावकाश लाटा गाळणीतून पार होतात. कमीजास्त अंतराला जिटर म्हणतात आणि जिटर केला की काम झालं असा समज पसरलाय. खरं काम सावकाश लाटा करतात. तुमच्या वजाबाकीसाठी त्या शब्दांच्या क्रमातूनही मिळतात, अंतर स्थिर असलं तरी.

मग गठ्ठेच का करू नयेत? करावेत की. अशा गठ्ठ्यांच्या मांडणीला, म्हणजे ब्लॉक डिझाइनला, जुनाट म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात, पण ‘फरक आहे की नाही’ एवढंच विचारायचं असेल तर १६ ते २० सेकंदांच्या गठ्ठ्यांइतकं ताकदवान दुसरं काही नाही. २००१ मध्ये थॉमस लिउ आणि सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं: फरक हुडकायची ताकद आणि प्रतिसादाचा आकार काढायची ताकद यांच्यात ओढाताण असते. गठ्ठे पहिल्यात राजे, दुसऱ्यात रंक. पूर्ण यादृच्छिक क्रम आकार काढायला उत्तम, हुडकायला मध्यम. दोन्हींचा बऱ्यापैकी तोल हवा तर मधले मार्ग आहेत. तुमच्या विषयात गठ्ठ्यांची अडचण गणिताची नाही, वाचणाऱ्याची आहे. पाच-सहा जोडाक्षरी शब्द लागोपाठ आले की माणसाला चाहूल लागते, तो डोळे ताणून बसतो, आणि मग तुम्ही वाचनाऐवजी सावधपणा मोजता. शिवाय गठ्ठे फार लांबवू नका. यंत्राचा सिग्नल रनभर, म्हणजे न थांबता घेतलेल्या एका फेरीभर, संथपणे वाहवत जातो. तो काढायला एसपीएम मुळात १२८ सेकंदांपेक्षा सावकाश बदल छाटून टाकतं. चार प्रकारांचे तीस-तीस सेकंदांचे गठ्ठे एका ठरीव क्रमानं फिरवले तर आवर्तन १२० सेकंदांचं होतं, म्हणजे अगदी त्या कात्रीच्या तोंडाशी. दोनच प्रकार असल्यानं तुम्ही यातून सुटलात.

आता रिकाम्या जागांबद्दल, म्हणजे शब्दाऐवजी नुसता रिकामा पडदा दाखवायच्या वेळा. ‘जोड वजा साधे’ एवढीच वजाबाकी हवी असेल तर रिकाम्या जागांनी काही मिळत नाही, उलट शब्द कमी होतात. ‘वाचन वजा रिकामा पडदा’ हवं असेल तर त्यांच्याशिवाय भागत नाही. सलग चार-चार सेकंदांनी शब्दच येत राहिले तर दोन्ही प्रकारांची बेरीज जवळजवळ सपाट रेष होते आणि सपाट रेषेतून काही मोजता येत नाही. आकार काढायचा तर दोन प्रकारांना साधारण एकतृतीयांश जागा रिकाम्या ठेवायचा प्रघात आहे. तुमचा मुख्य प्रश्न वजाबाकीचा आहे, तरी मी थोड्या रिकाम्या जागा ठेवीन. एखाद्या भागात जोडाक्षरांनी सिग्नल जास्त वाढला, की साध्या शब्दांनी तो जास्त खाली गेला, हे त्यांच्याशिवाय कळणार नाही, आणि व्हायव्हाला हा प्रश्न येणारच.

तर माझ्या मते तुमचा रन असा असावा. सुरुवातीचे ८ सेकंद, म्हणजे ४ चित्रं, सिग्नल स्थिरावण्यासाठी सोडून द्यायची. मग चार-चार सेकंदांचे १२० कप्पे: ४८ जोडाक्षरी शब्द, ४८ साधे, २४ रिकामे. शेवटच्या कप्प्यानंतर १६ सेकंद यंत्र चालू ठेवायचं, नाहीतर शेवटच्या शब्दांचा प्रतिसाद अर्धवट कापला जातो. एकूण ५०४ सेकंद, २५२ चित्रं. रिकामे कप्पे क्रमात कुठेही पडू द्यायचे. त्यामुळे शब्द ते शब्द अंतर आपोआप बदलतं. ९६ शब्दांमधल्या ९५ अंतरांपैकी साधारण ७६ चार सेकंदांची, १५ आठ सेकंदांची, तीनेक बारांची, एखादं सोळाचं. बहुतेक अंतरं छोटी आणि लांब अंतरं विरळ, हीच वाटणी हवी असते. सगळी अंतरं सारख्या प्रमाणात वापरली तर लांब अंतरांत फुकट वेळ जातो, वर बराच वेळ काही आलं नाही म्हणजे आता येणारच, असा अंदाज बसतो.

असे तीन रन घ्या. प्रत्येक प्रकारचे १४४ शब्द होतात. १६ सेकंदांच्या हिशेबानं तेवढ्याच वेळात जेमतेम ४५ झाले असते. तिप्पट शब्दांनी ताकद तिप्पट होत नाही, वर्गमुळाच्या हिशेबानं वाढते, म्हणजे पावणेदोन पटीच्या आसपास. तरीही यंत्राच्या भाड्यात एक रुपयाही न वाढवता हा फायदा आहे. चौथ्या रनचा मोह होईल, पण आवराच. १९२ जोडाक्षरी शब्द आणि त्यांना लांबी, वापर, ओळख अशा सगळ्यांत जुळणारे १९२ साधे शब्द गोळा करताना नाकी नऊ येतील, आणि तेच शब्द पुन्हा दाखवले तर पुनरावृत्तीनं प्रतिसाद घटतो. रनच्या आधी चारेक मिनिटांचा एक ब्लॉकचा रन लावा: १६ सेकंद शब्द, १६ सेकंद रिकामा पडदा, आठ फेऱ्या. वाचनाचे भाग प्रत्येक माणसात कुठे आहेत ते त्यातून मिळतं, आणि पुढचे तीन रन त्या भागांपुरते तपासता येतात. मेंदूच्या रचनेचं बारकाव्याचं चित्र पाच-सहा मिनिटांचं. तासाभरात माणूस आत-बाहेर होतो.

चार सेकंदच का, दोन का नाही? गणित म्हणेल, क्रम यादृच्छिक असेल तर जितकं जवळ तितकं चांगलं. पण बेरजेची अट इथे मोडायला लागते. नदी पात्राबाहेर पडून शेतात पसरली की तेवढ्याच पावसानं पातळी तितकी चढत नाही. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि त्यापुढे एकेक इंच चढायला किती पाणी लागतं ते २०१९ ला सगळ्यांनी बघितलंय. रक्तप्रवाहाचंही तसंच. दोन सेकंदांपेक्षा जवळ आलेल्या उद्दीपकांत दुसऱ्याचा प्रतिसाद पहिल्यापेक्षा लहान येतो, एका सेकंदाच्या खाली तर ठळकपणे. त्यात शब्द वाचून माणसाला जरा श्वास घ्यायला जागा हवी. तरुण, चांगले वाचणारे विद्यार्थी असतील तर तीन सेकंदही चालतील. ज्येष्ठ मंडळी किंवा वाचनात अडखळणारी मुलं असतील तर चारच्या खाली जाऊ नका.

आता क्रम कसा निवडायचा. इथे हाताने क्रम लावायचा नाही. पायथनमध्ये ९६ शब्द-जागा आणि २४ रिकाम्या जागा दहा हजार वेळा पिसून काढा. प्रत्येक क्रमाचं डिझाइन मॅट्रिक्स बनवा: दोन प्रकारांचे दोन रकाने, ठरीव प्रतिसादातून गाळलेले, शेजारी १२८ सेकंदांच्या कात्रीचे कोसाइन रकाने आणि एक स्थिरांक. कात्रीचे रकाने विसरू नका, नाहीतर नुसत्या सावकाश लाटांना फुकटचे गुण मिळतील. मग मॅट्रिक्सचा त्याच्या पलटीशी गुणाकार, त्याचा व्यस्त, आणि दोन्ही बाजूंनी कॉन्ट्रास्ट: जोडाक्षरांना अधिक एक, साध्यांना उणे एक. जो आकडा येतो तो तुमच्या अंदाजाची अनिश्चितता. त्याचा व्यस्त म्हणजे एफिशियन्सी. त्या आकड्याला स्वतःचं परिमाण नाही. कॉन्ट्रास्ट तोच, चित्रांची संख्या तीच, मॉडेल तेच असेल तरच दोन क्रमांची तुलना करा. एका कॉन्ट्रास्टचा आकडा दुसऱ्याशी लावून बघण्यात अर्थ नाही. हे सगळं तयार मिळणारी साधनंही आहेत: बोस्टनच्या डग ग्रीव्ह यांचं ऑप्टसेक, ॲफनी या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधली वेळापत्रक बनवणारी साधनं, पायथनमधलं न्यूरोडिझाइन. वेगर आणि निकोल्स यांनी २००३ मध्ये जनुकीय अल्गोरिदमनं क्रम शोधायची पद्धत आणली. प्रकार जास्त असतील तेव्हा तिचा खरा उपयोग. दोन प्रकारांना दहा हजार वेळा पिसणं पुरे. पण एकदा तरी हे स्वतः, कोऱ्या फाइलीत लिहून बघा. शंभरेक ओळींचं काम आहे आणि त्यानंतर कुठलंही डिझाइन वाचायची नजर बदलते.

आकडा सर्वांत मोठा आला म्हणून तोच क्रम उचलू नका. सर्वोत्तम क्रमांमध्ये हमखास लांबच लांब रांगा सापडतात, सात-आठ जोडाक्षरं लागोपाठ, म्हणजे मागच्या दारानं ब्लॉक आत आलाच. कमाल चार लागोपाठ अशी मर्यादा घाला. जोडनंतर जोड, जोडनंतर साधा, साध्यानंतर जोड आणि साध्यानंतर साधा या चारही जोड्या साधारण सारख्या वेळा येतात का ते मोजा. मग प्रतिसादाचं शिखर सेकंदभर पुढे ढकलून तेच आकडे पुन्हा काढा. ज्या क्रमाचा आकडा कोसळतो तो टाका, कारण तुमच्या स्वयंसेवकांचे मेंदू एसपीएमचं पुस्तक वाचून आलेले नसतात. शेवटी वरचे वीस-तीस क्रम ठेवा आणि प्रत्येक माणसाला, प्रत्येक रनला वेगळा द्या. सगळ्यांना एकच क्रम दिला तर त्या क्रमाचीच काही खोड निकाल म्हणून छापली जाईल आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

अधिक चिन्हाच्या खुणेचं उत्तर सोपं आहे. शब्दाआधी ठीक एक सेकंद, प्रत्येक वेळी, अशी ती येत असेल तर खुणेचा आणि शब्दाचा प्रतिसाद कुठल्याही गणितानं वेगळा करता येणार नाही. दोन्ही वक्र एक सेकंदानं सरकलेले, बाकी हुबेहूब. पण तुम्हाला ते वेगळं करायची गरजच काय? खूण दोन्ही प्रकारांना सारखीच आहे, वजाबाकीत ती उडून जाते. खरं तर पडद्यावर अधिक चिन्ह कायम ठेवा आणि शब्द त्याच्या जागी येऊ द्या, खूण हा वेगळा प्रसंग उरतच नाही. खूण काही सांगत असती, ‘आता कठीण शब्द येणार’ असं, तर तिचा वाटा वेगळा काढावा लागला असता. मग खूण आणि शब्द यांच्यातलं अंतर दोन ते आठ सेकंदांत बदलतं ठेवावं लागतं, किंवा काही वेळा खूण दाखवून शब्द द्यायचाच नाही. स्मृतीच्या प्रयोगांत, जिथे आधी दाखवायचं आणि नंतर विचारायचं असतं, तिथे याशिवाय गत्यंतर नसतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या प्रयोगाला जास्त धोका पुढच्या गोष्टीपासून आहे. जोडाक्षरी शब्द वाचायला मुळातच थोडा जास्त वेळ लागत असेल तर? मेंदूचा तोच भाग तेच काम शंभर-दीडशे मिलिसेकंद जास्त करतो आणि सिग्नल मोठा दिसतो. तुम्ही लिहाल, जोडाक्षरांना इथे विशेष प्रक्रिया होते. परीक्षक विचारतील, नुसता वेळ जास्त लागला नाही कशावरून? एवढ्या लहान घटनांमध्ये सिग्नलची उंची आणि कामाचा कालावधी हे वक्रावरून वेगळे करता येत नाहीत, कारण दोन्हींनी वक्र फक्त उंचावतो. जॅक ग्रिनबँड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की अशा वेळी प्रत्येक घटनेचा कालावधी प्रत्यक्ष प्रतिसादाच्या वेळेइतका धरून मॉडेल करणं जास्त योग्य. त्यासाठी वेळ मोजलेली हवी. म्हणून हेच शब्द, याच वेळापत्रकानं, आधी यंत्राबाहेर लॅपटॉपवर मोठ्यानं वाचून घ्या आणि प्रत्येक शब्दाला लागणारा वेळ नोंदवा. यंत्रात मोठ्यानं वाचायला लावू नका, जबडा हलला की डोकं हलतं. मनात वाचू दे आणि अधूनमधून प्राण्याचं नाव आलं तर बटण दाबू दे. त्यामुळे माणूस जागा राहतो. रात्री, जेवून आलेला स्वयंसेवक त्या नळीत पाच मिनिटांत घोरायला लागतो हे गृहीत धराच. ही प्राण्यांची नावं वर सांगितलेल्या ९६ शब्दांत मोजू नका. थोडे रिकामे कप्पे त्यांना द्या आणि मॉडेलमध्ये त्यांचा वेगळा रकाना करा.

टीआर दोन सेकंद आणि अंतर चार, आठ, बारा, म्हणजे प्रत्येक शब्द चित्राच्या सुरुवातीलाच येणार आणि प्रतिसादाचे तेच ते बिंदू दर वेळी मोजले जाणार. तुमच्या वजाबाकीला याचा फारसा त्रास नाही. तरी फुकटात सुधारता येत असेल तर का सोडा? शब्दाची वेळ कप्प्याच्या आत शून्य, अर्धा, एक किंवा दीड सेकंद अशी यादृच्छिक पुढे सरकवा. प्रतिसादाचे मधले बिंदूही मोजले जातात आणि पुढे कधी आकार बघावासा वाटला तर डेटा तयार असतो. असं केलं तर दोन शब्द अडीच सेकंदांपर्यंत जवळ येऊ शकतात, ते चालतं.

या सगळ्यानं माणसांची संख्या भरून निघत नाही. माणसामाणसांतला फरक कुठल्याही वेळापत्रकानं कमी होत नाही. आठ जणांवर केलेला अतिउत्तम क्रम पंचवीस जणांवरच्या बऱ्या क्रमापुढे हरतो. क्रम पिसण्यात एक आठवडा घालवा, महिना नको. देवनागरी वाचनावर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात एफएमआरआयचं काम झालेलं आहे. शब्दांची निवड करण्याआधी ते जरूर वाचा. आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी हातात येईपर्यंत यंत्राची वेळ ठरवू नका.

आता केंद्रात गेल्यावर. रुग्णांसाठीच्या यंत्राला एफएमआरआयचा कार्यक्रम असतो, पण तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीसाठी, तीस-तीस सेकंदांच्या ठरीव गठ्ठ्यांचा असतो आणि यंत्रावरचं विश्लेषणही त्याच हिशेबानं चालतं. ते वापरू नका, कच्ची चित्रं घेऊन या. यंत्र प्रत्येक चित्रागणिक खूण देणारा सिग्नल बाहेर पाठवतं का आणि तो लॅपटॉपपर्यंत आणायची सोय आहे का, हे तंत्रज्ञांना आधी विचारून घ्या. नसेल तर हातानं एकत्र सुरू करावं लागेल, त्यात पाव-अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. चार सेकंदांच्या डिझाइनला तो झेपतो, पण प्रत्येक रनला वेगळा पडतो हे लक्षात ठेवा. शब्द अक्षरांतून पडद्यावर काढू नका. प्रयोगाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटून ‘वस्‌त्र’ असं काहीतरी दिसण्याची शक्यता असते, आणि तुमचा तर सगळा प्रयोग त्यावरच उभा. प्रत्येक शब्दाचं चित्र आधीच करून ठेवा, एकाच फॉन्टमध्ये, एकाच उंचीचं. शब्द प्रत्यक्षात कधी पडद्यावर आला ती वेळ नोंदवा आणि विश्लेषणात तीच वापरा, वेळापत्रकातली नाही.

पहिला स्वयंसेवक झाला की पुढच्याला बोलवायच्या आधी ब्लॉकचा रन उघडून बघा. शब्द वजा रिकामा पडदा केल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूचा दृष्टीचा भाग लख्ख दिसला पाहिजे. अगदी एका माणसात, चार मिनिटांत. नाही दिसला तर मेंदूला दोष देऊ नका, वेळेची फाइल तपासा. नेहमी सापडणारं कारण असं: सुरुवातीची ४ चित्रं टाकून दिलेली असतात, पण शब्दांच्या वेळांमधून ते ८ सेकंद वजा करायचे राहिलेले असतात.